आबांचा साकव

आबा, परवा पौडच्या तहसील कचेरीत गेले होते. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं माझ्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "सरपंचांची लेक ना गं तू?" आता सरपंच मीच आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. ते तुमच्याबद्दल बोलत राहिले. तुम्ही गावात एसटी आणलीत, भावकीतलं बांधाचं भांडण एका दुपारी मिटवलंत. सगळं खरंच होतं. साकवाबद्दल मात्र एक शब्द नाही. लोक अजूनही तेवढी जागा टाळून पुढे जातात.

धनगरवाड्यावरची माणसं पावसाळ्यात ओढ्यापलीकडे अडकून पडायची, म्हणून सरकारची वाट न बघता तुम्ही श्रमदानातून तो छोटा पूल उभा केलात. पहिला दगड स्वतःच्या डोक्यावरून नेलात. गाव त्याला आबांचा साकव म्हणू लागलं. त्या नावानंच घात केला असं मला वाटतं.

ती सकाळ डोळ्यांसमोरून हलत नाही. मी चुलीपुढं भाकरी थापतेय, तुम्ही ओसरीवर चार माणसांत बसलायत. धनगरवाड्यावरची मावशी दूध घालून झाल्यावरही दारात उभीच आहे. "आबा, साकव हालतुया. मधल्या खांबापाशी शेरडं पाय टाकीनात."

"इतके पावसाळे काढलेत त्यानं," तुम्ही म्हणता. "शेरडांना काय कळतंय?"

ओसरी हसते. आत मीही हसते. मावशी खाली बघते. "व्हय, तुमी म्हनताय म्हंजी बरूबरच आसंल."

तिसऱ्या दिवशी ओढा भरून वाहत होता. मावशी त्याच साकवावरून घरी निघाली आणि मधला खांब खचला. खालच्या भातखाचरात ती सापडली. तुम्ही आपलं उपरणं तिच्या अंगावर घातलंत. पुढं तुम्ही जितकी वर्षं जगलात, तितक्या वर्षांत आपल्या घरात साकव हा शब्द कुणी काढला नाही.

तुम्हाला उद्धट ठरवून बघितलं, जमत नाही. इतक्या वेळा तुमचंच बरोबर निघालं होतं की तपासून बघायची तुमची सवय मोडली. आणि नाही म्हणायची आमची मोडली. तुमच्या ओसरीवर बसायला मिळणं हा मान होता, तो कोण घालवणार?

मागच्या महिन्यात धनगरवाड्याच्या रस्त्याचा ठराव मी मांडला. डोंगराची कड कापून सरळ वर, आखणी माझीच. "ताई म्हणतायत तर होऊन जाऊ द्या," सगळे एका सुरात म्हणाले आणि मला तुमची ओसरी आठवली. मी कागद बाजूला ठेवला. "समजा, दोन वर्षांनी हा रस्ता खचलाय. कशानं खचला असेल? प्रत्येकानं एक कारण सांगायचं. मी शेवटी बोलणार." मग मावशीचा मुलगा, आता पन्नाशीला आलेला, म्हणाला, "वरल्या अंगाला झरा हाय, ताई. कड कापली तर माती ऱ्हायची न्हाई."

आबा, मला संताप आला. तुला काय कळतंय, हे शब्द अगदी जिभेवर आले, तुमच्याच आवाजात. मी ओठ घट्ट मिटून बसले. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर चढून गेले. कारवीच्या झुडपांत हात घातला तर खाली गार पाणी वाहत होतं. रस्ता आता वळसा घेऊन जाईल.

उतरताना तो म्हणाला, "आयनं तवा घरी यिऊन सांगितलं हुतं, आबा म्हनत्यात साकव मजबूत हाय, भिऊ नगा." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

हे पत्र मी फाडून टाकणार आहे. तुम्ही हयात असतात तरी तुमच्या हातात दिलं नसतं. तुम्ही ते शांतपणे वाचलं असतंत, दोन वाक्यांत मला समजावलं असतंत, आणि मला ते आजही पटलं असतं.