तिसऱ्या पत्राची वाट

३ नोव्हेंबर
दोन आली! जीवशास्त्राच्या बाईंचं आणि रसायनशास्त्राच्या सरांचं. ऑनलाइन अर्जाच्या पानावर दोन हिरव्या खुणा.
तिसरं अडलंय. ऑप्टोमेट्रीच्या, म्हणजे नजर तपासून चष्मा देण्याच्या शिक्षणाच्या, कॉलेजला एक शिफारसपत्र डोळ्यांच्या डॉक्टरचंच लागतं, आणि माझे डॉक्टर म्हणजे कोयासो. तीन वर्षं त्यांच्या दवाखान्यात काम करतेय. पेशंटला खुर्चीत बसवा, थेंब घाला, तक्ता वाचून घ्या, केसपेपर मोठ्याने वाचून दाखवा — सगळं मीच. आज पुन्हा विचारलं.
"लिहितो ना पोरी, पळून चाललंय का ते?"
पळूनच चाललंय की! मुदत ३० तारखेची.

९ नोव्हेंबर
काही नाही.

११ नोव्हेंबर
आई म्हणाली, रिकाम्या हाताने मागू नकोस. नारळाच्या दुधाचं तेंब्लेके करून दिलं, वर दालचिनी. डॉक्टरांनी दोन वाट्या खाल्ल्या, बोटं चाटली. पत्राचं नाव नाही.
आई: "सुल्मा, तू गेलेलीच नकोयस त्यांना. असं राबणारं माणूस सोडतं का कुणी?"
पटलं. आणि राग आला — खूप.

१६ नोव्हेंबर
आज टोमणा मारलाच. "डॉक्टर, एक पान लिहायला किती महिने लागतात?" ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "उद्या."
दिवसभर बोलले नाही त्यांच्याशी. त्यांच्या लक्षात तरी आलं का, कोण जाणे.

२० नोव्हेंबर
हे लिहू की नको?
डॉक्टरांचा गाडीचा परवाना संपतोय. त्यासाठी दृष्टीचा दाखला हवा. म्हणाले, "तू तपासून आकडे भर, सहीचं मी मित्राकडून बघतो." बसले खुर्चीत. मी दिवा मंद केला, खालची ओळ वाचायला सांगितली. त्यांनी घडाघडा म्हटली — डी, ई, एफ, पी, ओ, टी, ई, सी. कुठे अडखळणं नाही.
पण ती ओळ समोर नव्हतीच! पाववाले डॉन फितो पहिला तक्ता पाठ करून येतात, म्हणून सकाळी त्यांच्यासाठी मी दुसरा लावला होता. बदलायचा राहून गेला. भिंतीवर अक्षरं वेगळी, डॉक्टरांच्या तोंडात वेगळी.
"झालं? लिही, नजर उत्तम."
मी 'हो' म्हटलं आणि रकाना कोरा ठेवला. भित्री मेली!

२१ नोव्हेंबर
आज त्यांनी चौघांचे डोळे आतून तपासले. चौघांना सांगितलं, काळजीचं काही नाही. एक तर सात वर्षांची मुलगी.
त्यांना काय दिसलं असेल?

२४ नोव्हेंबर
बोलले एकदाची. सकाळी, पहिला पेशंट यायच्या आधी. ते कॉफी घेत होते.
"डॉक्टर, त्या दिवशी भिंतीवर दुसरा तक्ता होता. तुम्ही पहिला म्हटलात."
कप तसाच हातात. मग, "तुझं पत्र माझ्याकडे आहे, ठाऊक आहे ना?"
असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.
"ठाऊक आहे."
"मग?"
"मग काय! 'नजर उत्तम' मी लिहिणार नाही. आणि आजच्या पेशंटना परत पाठवते."
ते एवढंच म्हणाले, "घरी जा."
आईने कपाळावर हात मारून घेतला. "बाई गं! तीन वर्षांवर पाणी सोडलंस!" मी तिला म्हटलं, त्या पोरीच्या जागी मी असते तर? तिने माझं ताट वाढलं, स्वतः जेवली नाही.

२७ नोव्हेंबर
दवाखाना बंद. फोन नाही. अर्जाचं पान दिवसातून दहा वेळा उघडते. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरला गाठू? तीन दिवसांत कोण ओळखणार मला? वर्ष गेलं म्हणायचं. आज पोटभर रडले.
डॉक्टरांचीही आठवण येते, हे कुणाला सांगू?

३० नोव्हेंबर
साडेतीन वाजता तिसरी हिरवी खूण!!
आत काय आहे, मला कधीच कळणार नाही. 'पत्र वाचणार नाही' अशी सही अर्ज भरतानाच करून दिलीय. डॉक्टरांना राग काढायचा तर हीच जागा. कॉलेजवाले वाचतील आणि मला बोलावणारसुद्धा नाहीत.
आई: "लिहून लिहून वाईट काय लिहितील?" मग तीच म्हणाली, "पुष्कळ लिहितील."

२ डिसेंबर
बेकरीत रांगेत डोन्या एनेइदा भेटल्या, डॉक्टरांच्या पत्नी. मी तोंड चुकवत होते, त्यांनीच दंड धरला.
"महिनाभर हे रोज तुझा तो फॉर्म उघडून बसायचे गं. एक अक्षर दिसायचं नाही, आणि मला सांगायची लाज. दवाखाना आता कायमचा बंद केलाय. परवा ते बोलत गेले, टाइप मी केलं."
मी रांग सोडून त्यांच्याबरोबर बाजूला झाले.
"सांगू नये, पण शेवटचं वाक्य सांगते. 'माझ्या दवाखान्याचा शेवटचा पेशंट मी होतो, आणि हिने मला खरं सांगितलं.'"