पाहणीआधी रंगवलेली विहीर

१२ फेब्रुवारी २०२४

आज सकाळी विहिरीत उतरून भेगा मोजल्या. सात. उत्तरेकडच्या भेगेत हात कोपरापर्यंत गेला. शेजारी कंपनीनं कारखान्याच्या पायासाठी सुरुंग लावले, तेव्हापासूनच्या या भेगा. पूर्वी या दिवसांत दोन पुरुष खोल पाणी असायचं — आज गुडघाभर! ऊस वाळून चाललाय.

नुकसानभरपाईच्या दाव्याला दोन वर्षं झाली. परवा कोर्टाचे कमिशनर पाहणीला येणार. एकदा कुणीतरी डोळ्यांनी बघू दे.

उद्या सासऱ्यांचं, मंगलच्या वडिलांचं, वर्षश्राद्ध. रहिमतपूरला मुक्काम.

१४ फेब्रुवारी

काय लिहू!

साडेनऊला परतलो तर विहीर पांढरीशुभ्र. सातही भेगा सिमेंटनं लिंपलेल्या. वर चुना. काठाला गेरूचा पट्टा. आणि जोतीरामदादा, माझा थोरला भाऊ, फौजेतला निवृत्त हवालदार, इस्त्रीच्या कपड्यांत ताठ उभा!

"साहेब यायचं म्हंजे इन्स्पेक्शनच न्हवं का रं? काल दिवसभर एकटा राबलोय."

तेवढ्यात कमिशनरांची गाडी आली, मागोमाग कंपनीची. कंपनीचा इंजिनिअर दात काढत म्हणाला, "नवरीसारखी सजवलीय की विहीर! नुकसान कुठंय?"

मी छिन्नी घेऊन सिमेंट फोडायला धावलो. कंपनीचा वकील ओरडला, "आमच्यादेखत नव्या भेगा पाडू नका!" कमिशनर म्हणाले, दिसतं तेवढंच लिहिणार. फोटो काढले, गेले.

दादाला म्हणालो, "बावीस वर्षं फौजेत चुनाच मारलास का?"

"आरं, बापाची विहीर हाय. कोर्टाला घाण दावायची व्हय?"

१५ फेब्रुवारी

दादाशी बोललो नाही. बोलणारही नाही.

२१ फेब्रुवारी

पुन्हा सुरुंग. मांडणीवरची भांडी खणखणली. हरिपाठ म्हणताना तोंडात शिवी आली. थांबलो नाही — आधी शिवी पुरी केली, मग अभंग.

२ मार्च

साताऱ्याला गेलो. आमचे उदयसिंह वकील म्हणाले, "फेरपाहणी मागायला कारण लागतं. भावानं भोळेपणानं चुना मारला म्हणालात तर कोर्ट हसेल. त्यानं कंपनीकडून पैसे खाऊन भेगा बुजवल्या, असं प्रतिज्ञापत्र द्या."

"पण ते खोटं आहे."

"मग विहीर विसरा."

चहा अर्धा टाकून उठलो.

५ मार्च

मंगलला सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली. "मोठं भावजी फुकटचा चहासुदिक पीत न्हाईत कुणाचा. आवं, एकादशी धरता तुमी!"

एकादशीनं ऊस भिजतो का, म्हणालो. तिनं आणखी भांडायला हवं होतं. पुन्हा भाकरी थापायला लागली.

८ मार्च, महाशिवरात्र

विहिरीचा तळ दिसला.

दादा रताळी घेऊन दारात आला. "आजून राग हाय व्हय रं? खरवडतो की समदा चुना. माजंच चुकलं." आत ये म्हणालो नाही. रताळी उंबऱ्यावर ठेवून गेला.

त्याला पेन्शन आहे. त्याला काय, चार लोक चार दिवस बोलतील. माझं रान मात्र कायमचं जाईल. — देवा, हे मीच लिहिलं!

१४ मार्च

कंपनीच्या माणसांनी बांधावर लोखंडी सळ्या टाकल्या. उचला म्हणालो, तर "कोर्टात जा" म्हणून हसले.

हसा!

१८ मार्च

साताऱ्यात प्रतिज्ञापत्रावर सही केली. 'शपथेवर सांगतो' हे मोठ्यानं वाचायला लावलं. आवाज कापला नाही.

गावच्या फाट्यावर उतरलो तर दादा मोटारसायकल घेऊन उभा. "ऊन लय हाय, म्हनून आलो. काम झालं का रं?"

झालं म्हणालो. त्याच्या मागं बसलो.