नवरदेवाच्या सुरीचे म्यान

नागरा, जेठ महिना, सन १९३६

चि. जागेश्वर यास आजीचा आशीर्वाद.

तुले आजी आहे, हे आठवते का? नसेल तर लग्नातली सुरी काढून पाहा. आपल्यात हळद लागली की नवरदेवाच्या हातची सुरी सुटत नाही, आणि तिचे म्यान घरची आजीच शिवते. चामडे हिरड्याच्या पाण्यात भिजवले, गुळाच्या पाण्यात गंजके लोखंड कुजवून त्याचा हात दिला, तेव्हा कुठे तो काळा रंग चढला. माझ्या बोटांनाही चढला. घासून तो जात नाही.

आणि तू मांडवात कानाशी म्हणालास, "आजी, हात पदराखाली ठेव. लोक पाहून राहिले."

तुझ्या सासूने म्यान उलटसुलट पाहून विचारले, "कोणं बनवलं जी?"

तू म्हणालास, "बाजारातून आणलं."

अरे, तुझा सासरा जोडे विकतो. त्याचे दुकान काय फुलांवर चालते? मग माझ्या हातांची लाज तुलेच काऊन?

पंगतीत बसले, पण पदराखालच्या हाताने कोण जेवते? भरले पान सोडून उठले. वाढणारा म्हणाला, "बुढीचा उपास असंल."

मी सांगते तसे हे तुझी शामकलाकाकू लिहून राहिली. तू आता सासऱ्याच्याच दुकानात बसतोस, पत्र तिथे जाईल, तोच उघडेल, म्हणून ती टपालात टाकू देत नाही. मी म्हणते, उघडू दे.

लग्नाचे माझे जेवण राहिले आहे. वडे आणि बुंदी नातसुनेच्या हाती धाड, तू येऊ नको. तिच्यासमोर मी पदर कमरेला खोचून जेवणार आहे. बुंदी जास्त धाड.

तुझी आजी,
देवकाबाई