हासिंता विश्रांती घेते आहे

सोमवार, ३१ जुलै. सकाळी.
आजपासून मी मेंटेनन्स प्रमुख. जुने मिस्त्री चिलीतल्या खाणीवर निघून गेले, म्हणून इंजिनिअर मार्लेनेबाई खास कोचाबांबाहून आल्या. म्हणाल्या, रोमुलो, दुसरं कोणी मिळेपर्यंत तू बघ. शब्द तात्पुरते होते, पण चेहरा कायमचा होता.
कॅम्पवर मशिनं तीन. ग्रेडर मागच्या पावसाळ्यापासून ठोकळ्यांवर आहे. रोलर धड आहे, पण पुढे रस्ताच नाही तर तो दाबणार काय. राहता राहिली हासिंता, आमची पोकलेन. लाल कडा फोडून रस्ता सायापाता गावात न्यायचा आहे, नोव्हेंबरच्या पावसाआधी. तो हासिंता नेईल, आणि हासिंताला मी नेईन.
संकल्प: रोज पहाटे ग्रीसिंग. रोज ऑइल, पाणी, फिल्टर. मशीन पडल्यावर धावायचं नाही, पडण्याआधी धावायचं.

त्याच दिवशी, दुपारी.
सेवेरिनाला फोन केला. रेंज फक्त टेकडीवरच्या खडकावर उभं राहिलं की येते. बायको माहेरी सायापाताला जाऊन बसली त्याला आता बराच काळ झाला. जाताना म्हणाली होती, तू अर्धवट माणूस आहेस. घराला अर्धं छप्पर, मिनीबसला अर्धं इंजिन, लग्नातला बँडसुद्धा अर्ध्यात निघून गेला. एक गोष्ट पुरी कर. माझ्या आईच्या दारात रस्ता आण, त्याच रस्त्याने तुझ्याबरोबर परत येते.
आज तिला सांगितलं, मी प्रमुख झालो. ती म्हणाली, कशाचा?

मंगळवार, १ ऑगस्ट.
इथला ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा. पहाटे इतका कडाका की ग्रीस चीजसारखं घट्ट. पंपातून निघेना. उद्यापासून.
तोवर वेळापत्रकाचा तक्ता काढला. चार रंगांत. देखणा झालाय.

बुधवार, २ ऑगस्ट. पहाटे.
ठरल्याप्रमाणे उठलो. हे लिहून ठेवण्यासारखं आहे.
फेलिपाकाकूंच्या स्वयंपाकघरापर्यंत गेलो. प्यायला जांभळ्या मक्याचं गरम आपी आणि खायला चीज घातलेलं भजं. काकू म्हणाल्या, बस रे लेकरा, मशीन कुठं पळून जातंय? बसलो. बाहेर आलो तर हासिंता चालवणारे कासिमिरोकाका मशीन सुरू करून कड्याशी पोचलेसुद्धा. चालत्या मशीनला ग्रीस लावता येत नाही. नियम आहे.

शुक्रवार, ४ ऑगस्ट.
महिन्याचा पहिला शुक्रवार, त्यातून ऑगस्ट. म्हणजे चाल्ला. धरणीआईला दारू पाजायची, मशीनवर बिअर शिंपडायची, रंगीत कागदाचे तुकडे उधळायचे, मगच पुढचा महिना सुखाचा. काका बाटल्या घेऊन उभे. मी बंदी घातली. म्हटलं, मेंटेनन्स हे शास्त्र आहे, जत्रा नाही.
काकांनी कोकाची पानं गालात सरकवली. म्हणाले, ऑगस्टात आई तोंड उघडून बसलेली असते, प्रमुखसाहेब. काही दिलं नाहीत तर ती आपलं आपण घेते. मग बाटल्या घेऊन तंबूत गेले. बिअर वाया गेली नाही, असं आवाजावरून वाटलं.

सोमवार, ७ ऑगस्ट.
बकेटची पिन जाम. पिनभोवतीचा बुश झिजून खाल्ला गेला.
सगळे आधी माझ्याकडे, मग जमिनीकडे बघत राहिले. काका हातोडा आणायला गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी समजावलं की लोखंडालाही थकवा येतो, हे जगभर मान्य आहे. ग्रीसचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही.
तक्त्यात 'बंद' असं लिहिणं मनाला पटेना. ठोकाठोकी चालू होती, म्हणजे काम चालूच होतं. 'विश्रांती' लिहिलं.

शनिवार, १२ ऑगस्ट.
विश्रांती. ओरुरोहून बुश यायचा आहे.
सेवेरिनाने विचारलं, कुठवर आला रस्ता? म्हटलं, वळणापर्यंत. म्हणाली, कुठल्या वळणापर्यंत, त्या कड्याला वळणं शेकड्याने आहेत. रेंज गेली. म्हणजे मी खडकावरून उतरलो.

गुरुवार, १७ ऑगस्ट.
बुश आला. हासिंता चालली. दुपारपर्यंत चालली. मग हायड्रॉलिकचा होज फुटला आणि काका डोक्यापासून बुटापर्यंत तेलात न्हाले. फेलिपाकाकू म्हणाल्या, आता ह्यांना तळायचं तेवढं राहिलं. सगळा कॅम्प हसला. मी हसलो नाही, मी प्रमुख आहे.
होज बदलायला हवा हे मला माहीत होतं. येत्या आठवड्याच्या वेळापत्रकात तो होता. होजनेच घाई केली.

बुधवार, २३ ऑगस्ट.
नवी कल्पना. मशीन झिजतं कशाने? चालण्याने. तेव्हा जेवणाच्या सुट्टीत इंजिन पूर्ण बंद ठेवायचं, तेवढीच झीज वाचेल. काका नको म्हणत होते, ह्या थंडीत म्हातारीला झोपवू नका म्हणाले. मी तक्त्याकडे बोट दाखवलं.
सुट्टीत बर्फाचा वारा सुटला. डिझेल गोठलं. उरलेला दिवस टाकीखाली शेकोटी करून बसलो. मीही बटाटे भाजून घेतले. कॅम्पमध्ये एकी वाढली, हा फायदा कोणी मोजत नाही.

शुक्रवार, २५ ऑगस्ट.
मार्लेनेबाई आल्या. तक्ता पाहून म्हणाल्या, रोमुलो, हे विश्रांती, विश्रांती काय आहे, हे सॅनेटोरियम आहे का? मी पद्धत समजावून सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली, ते मला आवडलं नाही. मग म्हणाल्या, खाली व्हॅलीत धरणाचं काम आहे, तिथे पोकलेन मागताहेत. आणखी एकदा बरेच दिवस बंद पडली तर हासिंता तिकडे जाईल, आणि सायापाताचा रस्ता पुढच्या वर्षावर. पुढचं वर्ष म्हणजे कधी हे त्यांनाही ठाऊक नाही, असं त्यांचं तोंड सांगत होतं.
जेवलो नाही. म्हणजे कमी जेवलो.

रविवार, २७ ऑगस्ट.
विचार करून ठरवलं की शास्त्राला श्रद्धेचीही जोड हवी. मी चाल्लाच्या विरुद्ध कधीच नव्हतो. पद्धतीच्या विरुद्ध होतो.

शुक्रवार, १ सप्टेंबर. संध्याकाळी.
आयुष्यातला मोठा दिवस. पहिला शुक्रवार. मागची बाकी चुकती करायची म्हणून चाल्ला दुप्पट. बिअरच्या पेट्या, कागदाच्या तुकड्यांची पोती, फिती, धूप. कासिमिरोकाकांनी मला मिठी मारली आणि पहिल्यांदाच पोरा म्हणाले.
एक सुधारणा माझी. दरवेळी मशीन बंद करून तिच्यावर ओततात. मी म्हटलं, झोपलेल्या माणसाला कोणी पाजतं का? इंजिन चालू ठेवा, तिला कळू दे. चालू ठेवलं. आणि काय दृश्य. मागच्या पंख्याने वारा ओढला, कागद भिरभिरत आत. लाल, हिरवे, पिवळे. काकांनी तर मूठ मूठ भरून जाळीशीच धरली, पोरासारखे हसत होते. मी वरून बिअर ओतली. फेलिपाकाकू नाचल्या. धरणीआई नक्की पावणार.
खडकावर जाऊन सेवेरिनाला सांगितलं, ह्या महिन्यात येतो. ती म्हणाली, प्यायलास का? मग थोडं थांबून म्हणाली, ये.
ये म्हणाली.

शनिवार, २ सप्टेंबर.
हासिंता जोरात. सकाळी कड्याचा मोठा भाग खाली आला.
टेंपरेचरचा काटा वर जातो आहे. काटा जुना आहे. त्यात केबिनवर ऊन.

रविवार, ३ सप्टेंबर.
रविवार असूनही काम. काका म्हणाले, काटा लाल पट्ट्यात आहे, पोरा, थांबवू का? मी म्हटलं, आता थांबलो तर तेही बंद पडण्यातच धरतील. त्यांनाही थांबायचं नव्हतं, एवढं बरं चाललं होतं. काट्यावर फडकं टाकलं.

सोमवार, ४ सप्टेंबर.
हासिंता थांबली. आधी वाफ, मग आवाज, मग काहीच नाही.
रेडिएटर उघडला. आत कागद आणि बिअर मिळून लगदा झालेला, वाळून भिंतीसारखा. वारा जायला सुईएवढी जागा नव्हती. हेड गॅस्केट गेलं, हेड वाकलं, इंजिन जाम झालं. लगदा काकांनीच खरवडला. म्हणाले, आपण दोघांनी तिला पाजून मारली.
मी म्हटलं, हे कोणालाच आधी कळलं नसतं.
तक्त्यात काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही.

गुरुवार, २१ सप्टेंबर.
ट्रेलर आला. व्हॅलीतल्या वर्कशॉपला नेतील, दुरुस्त झाली की धरणावर. साखळ्या मीच घट्ट केल्या, त्या चांगल्या बसल्या. जाताना काका तिच्याबरोबर गेले, ट्रेलरच्या पुढच्या केबिनमध्ये बसून, मागे न बघता. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.
मार्लेनेबाई म्हणाल्या, कॅम्प बंद होईपर्यंत तू रोलर आणि ग्रेडरवर लक्ष ठेव. म्हणजे पद कायम आहे.

शनिवार, ३० सप्टेंबर.
अख्खा आठवडा एकही मशीन बंद पडलं नाही. कॅम्पच्या इतिहासात पहिल्यांदा. तक्ता स्वच्छ. दाखवायला फेलिपाकाकू होत्या, त्या भांडी बांधत होत्या.
सेवेरिनाला फोन केला नाही. खडक निसरडा झालाय.

शनिवार, ७ ऑक्टोबर.
कड्यापलीकडून ठक ठक आवाज येतो आहे. पहिल्यांदा वाटलं मनाचे खेळ.
सायापाताचे लोक आहेत. गावाने ठरवलं, घरटी एक माणूस, पहारी आणि कुदळी घेऊन. पोकलेनची वाट बघून कंटाळले. हासिंताने फोडलेल्या भागाला त्यांच्या बाजूने येऊन मिळणार म्हणे. मी हसलो. हाताने कुठे कडा फुटतो?

रविवार, १५ ऑक्टोबर.
फुटतो आहे. ट्रकापुरता नाही, मोटारसायकलीपुरता. मार्गदर्शनाला जावं असं मनात आहे. हाडं दुखताहेत. उद्या.

शनिवार, २१ ऑक्टोबर.
आज रस्ता येऊन मिळाला. सकाळी शेवटचा दगड ढकलला आणि त्यांची बाजू आपल्या बाजूला लागली. वरून पहिली मोटारसायकल आली, मागे एक म्हातारी बकरी धरून बसलेली. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.
घाम पुसत उभ्या असलेल्या माणसांत सेवेरिना होती. त्यांच्या घरातून तीच आली होती, आई म्हातारी, भाऊ ब्राझीलला. सगळे दिवस ती इथेच होती, वळणापलीकडे, मला ऐकू येईल एवढ्या अंतरावर. हाताला फडकी बांधलेली.
म्हटलं, सेवेरिना, रस्ता आला. आता येतेस?
ती म्हणाली, मी म्हटलं होतं तू आण. हा मी आणलाय.
हे ती रागाने म्हणाली नाही. तिच्या कुदळीचा दांडा थोडा हलताना दिसला, पाचर सैल झाली होती. हे काम मला येतं. हात पुढे केला, म्हटलं, दे, नीट करून देतो, एवढं तरी.
तिने कुदळ मागे घेतली. म्हणाली, नको रोमुलो, हात लावू नकोस. चालतंय ते.