सातव्या डावातला तो चेंडू

१२ जून १९७१, शनिवार
संकल्प : उद्या नजर मैदानावरच. नदी नाही, ढग नाहीत, कविता तर नाहीच. गावच्या बेसबॉल संघाचा अधिकृत गुणलेखक म्हणून हे अकरावं वर्ष. अजून एकही निर्णय बदललेला नाही. न्यायाधीशच व्हायला हवं होतं मी.
उद्या आपल्याकडून चेंडू फेकणारा, म्हणजे पिचर, डेल प्रूइट. दहावीला मीच शिकवलं त्याला. कविता कधी पाठ झाली नाही, पण हात सोन्याचा. आता तेहेतीस वर्षांचा आहे. मोठ्या संघाचा माणूस त्याला बघायला येतोय. जमलं तर वर, नाहीतर सासऱ्याचं टायरचं दुकान.

१३ जून, रविवार. दुपारी ३
चौथा डाव, ०-०. दोन्हीकडचे पिचर असे की बॅटी नुसत्या वारा घालताहेत. मी वर, पत्र्याच्या केबिनमध्ये. उकडतंय. नजर मैदानावर.

४.४०
सातवा डाव. नदीवर पाकोळ्या उतरल्या. मिस हॅडलींनी चौथीत शिकवलेली नदीची कविता आठवली. तिसरं कडवं अडलं. ते शोधतोय तोच खाली आरडाओरडा. चेंडू आपल्या क्षेत्ररक्षकाच्या, शॉर्टस्टॉप ताव्हारेसच्या मागे, त्यांचा फलंदाज पहिल्या बेसवर. फलंदाजाचा खरा फटका, म्हणजे हिट, की ताव्हारेसची चूक, हे मी ठरवायचं. ‘हिट’ लिहिलं. ठामपणे. शंका असली की हिट, हा माझा नियम. आजपासून.

५.२०
संपला. १-०, जिंकलो. टाळ्या मात्र नाहीत. मग कळलं, सबंध सामन्यात डेलने दिलेला तेवढा एकच हिट. तो नसता तर एकही हिट न देता सामना जिंकल्याचा दुर्मीळ पराक्रमच! आधी कुणी बोललं का नाही? बोललं की नजर लागते, म्हणून अशा वेळी सगळेच तोंड शिवून बसतात. मला अर्थात ठाऊक होतंच.
शिडीखाली पन्नासेक माणसं. आत्ता उतरणं प्रशस्त नाही.

६.३०
अजून केबिनमध्येच. खालून एक जण ओरडला, मास्तर, उतरा, चष्मा देतो! दुसरा म्हणाला, चष्मा कसला, डोळेच बसवा! ताव्हारेस शिडी चढून आला. म्हणाला, सर, सरळ पायांतून गेला हो, माझ्या आजीनं अडवला असता. चूक माझ्या नावावर लिहा. भला माणूस.
चोवीस तासांत लीगच्या कचेरीला तार केली की निर्णय बदलतो. वेळ भरपूर आहे.

१४ जून, सोमवार. सकाळी ९
बर्नडीन म्हणाली, ऑर्विल, तार कर आणि मोकळा हो. तीन शब्द पुरेत : हिट नाही, चूक. तीन शब्द! संसार केला चाळीस वर्षं, पण तिचा पिंड गद्याचाच. कबुली कशी छंदात हवी.

दुपारी १२
डेल आला. दारातच उभा, टोपी हातात. मागितलं काहीच नाही. एवढंच म्हणाला, मोठ्या संघाचा तो माणूस संध्याकाळच्या बसपर्यंत गावात आहे, सर. मी म्हटलं, निर्धास्त राहा, मसुदा चालू आहे.

३.४५
दोन कडवी झाली. पाकोळ्यासुद्धा आल्या. तिसरं अडलंय. जरा पडतो, आडवं झालं की यमक सुचतं.

५.३५
सुचलं!
तारकचेरी पाचला बंद होते, हे बर्नडीनने सांगायला हवं होतं. ती म्हणते, तीनदा हलवलं. मी म्हणे झोपेत कविता म्हणत होतो.

२ ऑक्टोबर, शनिवार
गाडीला नवे टायर. डेलने स्वतः बसवले. कबुलीची ती कविता त्याला म्हणून दाखवली, तिन्ही कडवी. वर्गात कधी ऐकली नाही इतक्या शांतपणे ऐकली. गहिवरला असावा, खाली वाकून शेवटचा नट बराच वेळ आवळत राहिला. मग हात पुसत खिडकीशी आला आणि म्हणाला, सर, आता नजर रस्त्यावर ठेवा.