शालूच्या डावांची तपासणी

३ फेब्रुवारी, मंगळवार

बेचाळीस डाव पाहिले. एकातही कॅसलिंग नाही! राजाला हत्तीच्या आड कोपऱ्यात बसवणं — खेळातलं पहिलं शहाणपण. ते नाही. आणि पहिल्याच चालीला प्यादं दोन घरं पुढे टाकणं? तेही नाही. एकेक घर. बेचाळीस डाव!

अनिताने जानेवारीत आईच्या टॅबवर हे ॲप टाकून दिलं. डोकं चालतं ठेवा, असं फिजिओवाली म्हणाली होती. पत्ते होते, ल्युडो होता. शालूने डाव्या हाताच्या बोटाने ते सगळं बाजूला सारलं आणि बुद्धिबळावर बोट ठेवलं. मी थक्क. अडतीस वर्षांचा संसार, आणि हिला बुद्धिबळ येतं हेच मला ठाऊक नाही. माझं बघून बघून शिकली असणार, दुसरं काय.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. अंग थोडं परत आलं. शब्द दोनच — ‘हां’ आणि ‘नको’. तेही उलटसुलट. चहा नको असला तरी हां.

डॉक्टर म्हणतात, “वाचा गेली म्हणजे समज गेली असं नाही काका. पण किती राहिलीय ते मी आज सांगू शकत नाही. पाच मार्चला बघू.” अनिता नाशकाहून रोज फोन करते. तिच्या डोक्यात पुण्याचं ते सेंटर आहे — अशा माणसांना ठेवून घेणारं. “बाबा, आईला काही कळतच नसेल तर तुम्ही एकटे कुठवर करणार?”

म्हणून हे डाव. कळतंय का, हे तिला विचारून उपयोग नाही. डावालाच विचारायचं. चौतीस वर्षं देहूरोडच्या डेपोत स्टोअर सांभाळलं, सहा वेळा डेपोचा चॅम्पियन होतो. तपासणी मला येते.

४ फेब्रुवारी

साहेब लोक गोपनीय अहवाल लिहायचे तसा लिहितो.

खेळाडू — शालन, वय एकसष्ट. घाई करत नाही. घोडा फार सुंदर चालवते. काल एका परदेशी गड्याचे दोन हत्ती एका घोड्याने धरले. हरली तर कुरकुर नाही, लगेच दुसरा डाव. सुरुवात मात्र अगदी कच्ची. राजा उघडा. प्यादी गोगलगाईसारखी.

आणखी एक आहे. ते लिहायला हात धजत नाही.

५ फेब्रुवारी

लिहितोच. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ॲप विचारतं, याचं काय करू? वजीर, हत्ती, उंट की घोडा? शेंबडं पोरही वजीर घेतं. हिने घोडा घेतला! समोर एकटा राजा, हिच्याकडे राजा आणि घोडा — मात होऊच शकत नाही. जिंकलेला डाव बरोबरीत घालवला.

मागचे डाव काढले. अशी अकरा प्यादी पोचली होती. कधी हत्ती, कधी उंट, कधी घोडा. वजीर दोनदाच. कशाला काही ताळतंत्र नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज शेजारी खुर्ची ओढून बसलो. चांगली खेळत होती. मग राजावर बोट ठेवलं आणि त्याला घोड्यासारखं अडीच घरांवर नेलं. ॲप घेईना. परत नेलं. चार वेळा!

मी म्हटलं, “अगं, राजा आहे तो. घोडा नाही.”

माझ्याकडे नुसतं पाहिलं. टॅब पालथा घालून मांडीवर ठेवला. त्यानंतर मी शेजारी असेपर्यंत उचलला नाही.

ती रडली नाही. मी मोरीत नळ सोडून रडलो. राजा कोण आणि घोडा कोण, एवढंही उरलं नसेल तर मग मी काय समजायचं? अनिताला काय सांगायचं?

८ फेब्रुवारी

अनिताला काही सांगितलं नाही. भाजी करपली.

१२ फेब्रुवारी

अनिताने सेंटरचे फोटो पाठवले. स्वच्छ आहे. बाग आहे. मी ‘बघू’ लिहिलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आजची तारीख सोन्याने मढवून ठेवली पाहिजे!

काल महाशिवरात्र झाली, म्हणून शालूचा धाकटा भाऊ हौशीराम आज बहिणीला बघायला आला. अंदर मावळातून मोटारसायकलवर, मागे इंद्रायणी तांदळाचं पोतं, वर हरभऱ्याच्या डहाळ्यांची जुडी. बहिणीपाशी बसून डहाळे सोलून तिच्या डाव्या तळहातावर एकेक दाणा ठेवत होता. ती खात होती आणि खेळत होती. तो बसला म्हणून तिने टॅब लपवला नाही, हे मी दारातून बघितलं.

त्याला ओट्यापाशी बोलावलं आणि हळूच म्हटलं, “हौशीराम, काही खरं नाही रे. राजाला घोड्यासारखं उडवते. प्याद्याचा वजीर करायचा तर घोडा करते.”

तो म्हणाला,

“मंग काय चुकतंय त्यात? दाजी, आवो आमच्यात आसंच खेळत्यात!”

“असंच म्हणजे?”

“आमचं आबा पारावर पट मांडायचं. राजाला शह बसायच्या आदी येकदा आडीच घरं उडी आस्तीया. प्यादं एकच घर जातं. आन् पोचलं की ज्येचं घर त्योच मोहरा. घोड्याच्या घरात घोडा, हत्तीच्या घरात हत्ती. तुमच्या त्या मोबाईलला म्हाईत न्हाई त्याला ताई काय करनार?”

मी वही काढली. अकरा प्यादी, एकेक तपासली. घोड्याच्या घरात घोडा. उंटाच्या घरात उंट. हत्तीच्या घरात हत्ती. अकराच्या अकरा बरोबर! वजीर दोन — एक वजिराच्या घरात, एक राजाच्या. “राजं दोन कुटं आस्त्यात? म्हून तितं बी वजीर,” हौशीराम म्हणाला.

ताळतंत्र होतं. पन्नास वर्षांपूर्वीचं, पारावरचं, एकही नियम न विसरलेलं. ताळतंत्र माझंच सुटलं होतं!

“लय खेळायची ताई. आबांच्या मांडीवर बसून शिकली. पुढं पुढं तर मोठमोठ्या बाप्यांना बी हारवायची.” मग डहाळ्यांचा पाला गोळा करता करता म्हणाला, “दाजी, तुमी कंदी इचारलंच न्हाई व्हय?”

नाही विचारलं.

तो गेल्यावर मीच भात टाकला. नव्या इंद्रायणीचा वास घरभर. साडेचार महिन्यांत पहिल्यांदा दोनदा भात वाढून घेतला.

१७ फेब्रुवारी

एक गोष्ट आठवली. आठवायला नको होती, पण रोजनिशीत खोटं कशाला.

आमचं लग्न होऊन दोनएक वर्षं झाली असतील. रविवारी डेपोतले चार जण घरी यायचे, पट मांडायचो. शालू चहा घेऊन आली, कप ठेवता ठेवता पटाकडे बघून म्हणाली, “अहो, हत्ती—” माझा हत्ती मरणार होता. आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, “तू चहाचं बघ. मध्ये बोलू नकोस.” लोक हसले. हत्ती दोन चालींनी मेला.

त्यानंतर ती कधी पटाकडे बघताना दिसली नाही. मी समजलो, आवड नाही.

१९ फेब्रुवारी

झालं ते झालं. आता कामाला लागायचं. समज आहे, खेळ आहे, फक्त नियम जुने. ते नवे शिकली, तर डॉक्टरांना दाखवायला याहून मोठा पुरावा नाही. पण मी शेजारी बसलो की टॅब पालथा! आणि तोंडाने सांगायला गेलो तर परत तेच, ‘असं नाही, तसं’. नको.

युक्ती केली. माझ्या फोनवर वेगळं खातं काढलं. नाव — पप्पू१९. शालूला डावाचं आमंत्रण पाठवलं आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसलो. आतल्या खोलीत ती, बाहेर मी. तिला वाटणार, असेल कुणी पोरगं.

घेतलं आमंत्रण!

शिकवणीची रीत अशी ठरवली — सांगायचं काही नाही, फक्त करून दाखवायचं. रोज दोन डाव. दर डावात सहाव्या चालीच्या आत मी कॅसलिंग करणार, म्हणजे तिच्या डोळ्यांखालून जाईल. प्यादं पोचलं की कुठल्याही घरात असो, वजीर. ते बसलं की मग प्यादं दोन घरं. घोड्याला हात लावायचा नाही. घोडा तिचा तिच्या आबांनीच तयार करून ठेवलाय.

२१ फेब्रुवारी

चार डाव झाले. मी कॅसलिंग केलं की ती बराच वेळ थांबते. बघत असणार!

२३ फेब्रुवारी, सोमवार

केलं! नवव्या चालीला केलं! राजा दोन घरं, हत्ती पलीकडे. मी स्टुलावरून उठून ओट्याला टेकून उभा राहिलो. आनंदाने काय करावं सुचेना, तेव्हा उगीच तांब्याभांडं घासून टाकलं.

२५ फेब्रुवारी

प्यादं दोन घरं — आजपासून. मी दाखवण्याआधीच उचललं. आणि उंटाच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा वजीर घेतला. जरा थांबून घेतला. आबांची परवानगी काढली असेल.

२८ फेब्रुवारी, शनिवार

अनिता आली, पाच तारखेपर्यंत राहणार. तिला वही दाखवली, सगळं सांगितलं, पप्पू१९ सुद्धा. आधी पोट धरून हसली. मग स्वयंपाकघराच्या दारात बसून रडली. “मी फोटो पाठवत होते बाबा. बागेचे.”

मी म्हटलं, “तुला काय माहीत. मला तरी कुठे माहीत होतं.”

संध्याकाळी मी पप्पू होऊन खेळत होतो तर म्हणते, “तुमचा फोन किती टकटक वाजतो! दर चालीला! कान तपासून घ्या एकदा.” माझे कान ठणठणीत आहेत. या मुलांना उगाच सवय झालीय आपल्याला म्हातारं करायची.

१ मार्च, रविवार

हरलो. सरळ, स्वच्छ हरलो. घोड्याने मारलं. शेवटी तिचं एक प्यादं हत्तीच्या घरात पोचलं, वजीर घेतला असता तर दोन चालीत मात होती. तिने हत्ती घेतला! हत्तीनेही दोनच चाली लागल्या. तिने मोजून घेतला होता. दोन्ही नियम येतात आता, आणि कुठला कधी वापरायचा हेही.

शेरा — खेळाडू परीक्षकाच्या वर जाण्याची दाट शक्यता.

५ मार्च, गुरुवार

डॉक्टरांकडे गेलो. वही आणि टॅब पुढे ठेवला. आधी ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते, हा काय फाइल घेऊन आलाय. मग वाचत गेले. अकरा प्याद्यांपाशी थांबले. तेवीस तारखेचा डाव दोनदा चालवून बघितला.

शालूला म्हणाले, “काकू, ही राजाची अडीच घरांची उडी मला शिकवाल का?”

“हां,” शालू म्हणाली. आणि हा हां अगदी बरोबर जागेवर होता.

मग मला म्हणाले, “जुनं आठवणं वेगळं, काका. त्या नवीन शिकल्यात. समज शाबूत आहे, हे मी लिहून देतो. बोलण्याचं मात्र वचन देत नाही. येतील शब्द, कदाचित नाही येणार. घाई करू नका.”

कसली घाई! बाहेर बाकावर बसलो. अनिताने तिथूनच सेंटरला फोन करून नाही म्हणून सांगितलं. येताना तिघांनी घोरावाडी स्टेशनसमोर वडापाव खाल्ला. शालूने डाव्या हाताने, सगळा. मिरची माझ्या कागदात टाकली. तिखट मला लागतं, तिला नाही, हेही तिच्या लक्षात आहे. शब्द नाही आले तर नाही आले. मला काही म्हणून काही कमी नाही.

६ मार्च

अनिता नाशिकला गेली. गाढ झोपलो. सकाळचे साडेआठ वाजले उठायला!

८ मार्च, रविवार

दुपारचा चहा ठेवला होता, शेजारी दूध. डाव रंगात आलेला. दूध वर यायला लागलं म्हणून एका हाताने गॅस बारीक केला आणि दुसऱ्याने घाईत चाल करून टाकली. फोन टक वाजला. बघतो तर काय, हत्ती तिच्या घोड्याच्या तोंडी!

म्हटलं, गेला हत्ती. तिच्या चालीची वाट बघत राहिलो. चाल येईना.

मग आतून आवाज आला. जाड, अडखळत, पण सगळा—

“अहो! हत्ती!”