देवाला कमी माप

उस्मानाबाद, ८ जानेवारी १९६१

पुन्हा वाढलं! बंडप्पाच्या अडतीवर तुरीची पोती तोलतात त्याच काट्यावर हे दर रविवारी चढतात, आणि दर रविवारी माझं डोकं फिरतं. डॉ. गफारांनी दिवाळीतच बजावलं होतं — "वकीलसाब, लघवीत साखर, छातीच्या ठोक्यांची पट्टीपण साफ न्हाय. इन्शुलिनची सुई रोज घ्या अन् वजन उतरवा. दिलावर बोजा आहे." सुई सुरू झाली तशी यांची भूकही वाढली. कोर्टात जाताना दवाखान्यात सुई, येताना भजी! आज अडतीवर सगळ्यांसमोर मी बोललेच — "मला पांढऱ्या कपाळाची करायचीय का?" बोलता बोलता रडू फुटलं, त्याचाही राग आला. बंडप्पा खाली बघत राहिला. हे काट्यावरून खाली उतरले.

१५ जानेवारी

काल संक्रांत. जो येईल तो यांच्या हातावर तिळाचा लाडू ठेवणार — "एकानं काय होतंय, वकीलसाहेब?" एकानं! मी एकेक काढून घेतला. गावात माझं नाव झालं असेल. होऊ दे.

५ फेब्रुवारी

उतरलं! चक्क उतरलं! सदरा ढिला झालाय. "आता खूश?" म्हणाले. खूश तर!

१९ फेब्रुवारी

सासूबाईंनी सोनारीच्या भैरवनाथाला नवस बोललेला — लेक बरा झाला की गुळानं तोलीन. आणि आता रडतात! "लेकराची हाडं निघाली की गं. असल्याला तोलून देवाला कमी माप घालू व्हय? आधी अंगावर मांस चढू दे." म्हणून ताटात शिरा, वर तुपाची धार! म्हणजे बरं झाल्याचा नवस फेडायला माणसाला आधी आजारी पाडायचं! मी ताट उचललं आणि शिरा गाईला घातला. तर म्हणतात, "उपाशी मारतीस त्याला. रातभर उठून पाणी पितंय लेकरू, दिसत न्हाय का तुला?" दिसतंय की. ऊन तापायला लागलंय, पाणी पिणारच. सासूबाईंच्या लेखी पोट सुटलेला तेवढाच धडधाकट!

२६ फेब्रुवारी

आणखी उतरलं. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. बरंच आहे.

१२ मार्च

तुला झाली. मीच हट्ट धरला — आत्ता, याच वजनाला! एसटीनं सोनारीला गेलो. हे पारड्यात बसले, तर समोरच्या पारड्यातला गूळ काढावा लागला. बायका कुजबुजल्या, "बायकू खाऊ घालत न्हाय." सासूबाई देवापुढं नाक घासून कमी मापाची माफी मागत होत्या. असा संताप आला! माझ्या नवऱ्याचं आयुष्य वाढलं, आणि यांना ढेपांची पडलीय. येताना हे सगळी वाट झोपूनच होते. दमले असतील.

१४ मार्च

काल सकाळी हलवून हलवून उठेनात. तेव्हापासून दवाखान्यातच आहोत. डॉ. गफार हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, हे पथ्यानं उतरलेलं वजन न्हाय. साखरेनं माणूस झिजलाय. संक्रांतीपासून साहेब सुईला आलेच नाहीत. मला वाटलं, घरीच टोचून घेताय."

आज दुपारी शुद्ध आली. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "सुई घेतली की वजन वाढायचं. तुला आवडत नव्हतं ना."